समलिंगी जोडप्याचं म्हातारपण: कोणते कागद, कोणत्या क्रमाने

साठीकडे आलेल्या समलिंगी जोडप्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: "आमच्यासाठी सरकारची काही योजना आहे का?" जोडपं म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची भीती गेली. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन, वारसाहक्क, पती-पत्नीच्या करसवलती यांतलं काहीच आपोआप तुमच्या जोडीदाराकडे जात नाही.

तरीही हात टेकायचं कारण नाही. कोणताही सरकारी फॉर्म किंवा नियम घ्या. त्यात हक्क कुणाला मिळेल हे दोनपैकी एका तऱ्हेने सांगितलेलं असतं. एक तर "पती, पत्नी, कुटुंब" असं लिहिलेलं असतं, नाही तर "कोणतीही सज्ञान व्यक्ती". पहिल्या दारातून तुम्हाला आज आत जाता येत नाही. दुसरी दारं मात्र पुष्कळ आहेत आणि ती वापरलीच जात नाहीत. हा लेख त्या दुसऱ्या दारांचा आहे, आणि जिथे फक्त पहिलंच दार आहे तिथे वळसा कसा घ्यायचा याचा. नियम भारतातले, आणि जागा, सोसायटी, मुद्रांक शुल्क यांपुरते महाराष्ट्रातले.

एक अपवाद सुरुवातीलाच. दोघांपैकी एक जण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असेल आणि नातं स्त्री-पुरुषाचं असेल, तर सध्याच्या विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं, असं २०२३ च्या त्याच निकालात म्हटलं आहे. तुमचं तसं असेल तर खालचे बरेचसे उपद्व्याप टळतील, आधी विवाह नोंदणीचं बघा. परदेशात लग्न केलेल्या समलिंगी जोडप्यांच्या प्रमाणपत्राला मात्र इथे वैवाहिक हक्कांसाठी मान्यता नाही. त्या देशाची पेन्शन किंवा तिथली मालमत्ता असेल तर तिथल्या कायद्याने ते उपयोगी पडतं, म्हणून जपून ठेवा.

दवाखान्याचे कागद सर्वांत आधी

बहुतेक जण वकिलाकडे जातात ते मृत्युपत्रासाठी. माझं मत वेगळं आहे. मृत्युपत्र मेल्यावर चालतं, आणि त्याच्या आधी आजारपणाची काही वर्षं असू शकतात. अतिदक्षता विभागाच्या दारात "तुम्ही पेशंटचे कोण?" हा प्रश्न येतो तेव्हा मृत्युपत्राचा काही उपयोग नसतो.

रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर संमती त्याची स्वतःचीच. भावाची सही लागते, मुलाची लागते, हा दवाखान्यांचा रिवाज आहे, कायदा नव्हे. जीव वाचवण्याची तातडी असेल तर डॉक्टर कुणाच्याही सहीची वाट न पाहता उपचार करू शकतात. गोची होते ती मधल्या अवस्थेत: माणूस बेशुद्ध आहे, घाई नाही, पण निर्णय हवा आहे. अशा वेळी कुणाचा शब्द आधी धरायचा याची सर्वसाधारण यादी आपल्या कायद्यात नाही. मग दवाखाना रक्ताच्या नातेवाइकांना फोन लावतो, आणि वीस वर्षं तोंड न पाहिलेला पुतण्या निर्णय घेतो. त्याला तोंड द्यायला तीन कागद लागतात. तिन्ही दोघांनीही करायचे.

पहिला कागद मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा. कलम १४ नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आपला "नामनिर्देशित प्रतिनिधी" नेमू शकते. नात्याची अट नाही. साध्या कोऱ्या कागदावर लिहायचं, नेमणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि ज्याला नेमलं त्याने आपली तयारी लेखी द्यायची. नेमलेला माणूस असेल तर नातेवाइकांचा क्रम त्याच्या नंतर लागतो. "मानसिक आजार" म्हटल्यावर लोक हा कागद बाजूला सारतात, पण कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचे गंभीर बिघाडही येतात. म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या उपचारातही हा कागद कामाला येऊ शकतो, आणि म्हातारपणी भीती त्याचीच जास्त. याच कायद्याच्या कलम ५ खाली पुढे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याचे आगाऊ निर्देशही लिहून ठेवता येतात. तब्येत धडधाकट असताना. माझ्या मते समलिंगी जोडप्यांच्या हातातला हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत कमी वापरला गेलेला कागद आहे.

दुसरा कागद म्हणजे आगाऊ वैद्यकीय निर्देश, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली, पण प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी फिरकेना. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. बरं होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम श्वास, नळ्या, पुन्हा पुन्हा हृदय चालू करणं यांतलं काय नको ते स्पष्ट लिहायचं. आपल्या वतीने कोण बोलेल त्या पालकाचं नाव द्यायचं, एकाहून अधिक नावं चालतात. पहिलं जोडीदाराचं घाला, दुसरं वयाने लहान अशा विश्वासू माणसाचं. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि ज्यांची नावं घातली त्या प्रत्येकाकडे एकेक.

या दोन्हींत एक फट राहते. पहिला कागद मानसिक आरोग्यापुरता, दुसरा अखेरच्या अवस्थेपुरता. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशनला नेलंय आणि भूल उतरलेली नाही, अशा साध्या प्रसंगासाठी तिसरा कागद लागतो: नोटरी केलेलं वैद्यकीय अधिकारपत्र. त्यात चार गोष्टी हव्यात. माझ्या आजाराची सगळी माहिती या व्यक्तीला द्यावी. मला भेटण्याची तिला मुभा असावी. मी बोलू शकत नसेन तेव्हा उपचारांबाबत तिचं म्हणणं धरावं. आणि अमुक नातेवाइकांनी निर्णयात पडू नये, असं वाटत असेल तर तेही नावानिशी. हा कागद दवाखान्यावर कायद्याने बंधनकारक नाही. पण रुग्णाची लेखी इच्छा समोर असताना ती डावलायला डॉक्टर कचरतात, आणि जोडीदाराला दारात उभं राहायला काहीतरी आधार मिळतो. ठरलेल्या ऑपरेशनसाठी भरती होत असाल तर भरतीच्याच दिवशी हा कागद केस पेपरला लावायला सांगा आणि "जवळची व्यक्ती" या रकान्यात जोडीदाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहा.

तिन्ही कागदांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवेत. मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

कुलमुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका

"आम्ही एकमेकांना जनरल पॉवर ऑफ अटर्नी दिली आहे, सगळं झालं," असं अनेक जण समाधानाने सांगतात. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. भारतीय करार कायद्याचं कलम २०१ तसं सांगतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद रद्दी होतो. भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र काही देशांत असतं, आपल्याकडे त्याची सोय नाही. मृत्यूनंतर तर ते चालतच नाही.

मुखत्यारपत्र जरूर करा, हिंडणं-फिरणं बंद झालं पण डोकं शाबूत आहे अशा काळात त्याचा उपयोग आहे. पण भान गेल्यावर पैशाचं काय, याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं. सोपं उत्तर म्हणजे संयुक्त खाती. जास्त मालमत्ता असेल तर १८८२ च्या न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो. त्यात मालमत्ता ट्रस्टच्या नावे, जोडीदार विश्वस्त, लाभार्थी दोघं. एकाची स्मृती गेली तरी ट्रस्ट चालू राहतो. मात्र त्याचा खर्च आणि लिखापढी बरीच असते, दोन-तीन मुदतठेवींसाठी हा खटाटोप करू नये. यातलं काहीच केलेलं नसेल तर बेशुद्धावस्थेतल्या माणसाचा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि तिथेही नातेवाइकांचं म्हणणं काय, हा प्रश्न येतोच.

बँक आणि बचत

इथे खरोखर काही बदललं आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने आणि २८ ऑगस्टला केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत कुणी "नातं काय?" म्हणून अडवलं तर या सूचनेची छापील प्रत पुढे करा. आवाज चढवण्यापेक्षा ते लवकर लागू पडतं.

खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचं ठेवा. घरखर्च, औषधं, आयाचा पगार या खात्यातून जाऊ दे. मुदतठेवींनाही हीच सूचना द्या आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल, असं लेखी देऊन ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी नेमता येतात. जोडीदारामागे आणखी एक नाव घालण्याची ही चांगली सोय आहे.

आता सर्वांत मोठा गैरसमज. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये विमा पॉलिसीबाबत हे सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत पुन्हा सांगितलं. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, पण कायदेशीर वारस त्यावर दावा सांगू शकतात. विमा कायद्यात २०१५ मध्ये सुधारणा झाली आणि आई-वडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर ते खरे लाभार्थी ठरले. जोडीदार त्या यादीत नाही. म्हणून जिथे जिथे जोडीदार नॉमिनी आहे, ती प्रत्येक ठेव आणि पॉलिसी मृत्युपत्रातही त्याच्याच नावे आली पाहिजे. दोन्ही कागदांत एकच नाव असलं की नातेवाइकांचा दावा लंगडा पडतो. आयुर्विमा पॉलिसी जोडीदाराच्या नावे कायमची अभिहस्तांकित करणं, म्हणजे असाइन करणं, हा आणखी पक्का मार्ग आहे.

बाकी साधनांचं थोडक्यात. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत तीन सज्ञान व्यक्तींपर्यंत संयुक्त खातं चालतं आणि नात्याची अट नाही. एकट्याची मर्यादा ९ लाख, संयुक्तची १५ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत संयुक्त खातं फक्त पती-पत्नीचं. तिथे दोघांनी आपापलं खातं काढा, प्रत्येकी ३० लाखांची मर्यादा स्वतंत्र मिळते, आणि एकमेकांना नॉमिनी करा. मागे राहिलेल्या जोडीदाराला खातं पुढे चालवता येत नाही, बंद करून पैसे घ्यावे लागतात, एवढा फरक. संयुक्त ॲन्युइटीत, म्हणजे एकरकमी पैसे भरून दोघांना आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनमध्ये, आयुर्विमा महामंडळ पती-पत्नी, थेट वंशज-पूर्वज, भावंडं अशा नातेवाइकांनाच घेतं. म्हणून एकट्याची ॲन्युइटी घेताना मृत्यूनंतर मूळ रक्कम नॉमिनीला परत मिळेल असा पर्याय निवडा. दरमहा रक्कम थोडी कमी येते, पण जोडीदार रिकाम्या हाताने राहत नाही.

भविष्य निर्वाह निधीचा नियम जरा बारकाईने वाचावा लागतो. सभासदाला "कुटुंब" असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरच्याचं नाव बाद ठरतं. पण या कुटुंबात पती-पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील असे मोजकेच लोक येतात; भावंडं येत नाहीत. म्हणजे तुम्ही अविवाहित असाल, मूल नसेल, आणि आई-वडील हयात नसतील किंवा तुमच्यावर अवलंबून नसतील, तर तुम्ही नियमाच्या भाषेत "कुटुंब नसलेले" आहात आणि कुणालाही नेमू शकता. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये तर अशा सभासदाने नेमलेल्या व्यक्तीला विधवा-पेन्शनइतकी पेन्शन मिळू शकते. नोकरी लागताना भरलेल्या फॉर्ममध्ये बहुधा आईचं नाव असतं आणि ते कुणी बदलत नाही. निवृत्तीआधी नामांकन उघडून बघा. ग्रॅच्युइटीलाही याच धर्तीचा नियम आहे.

घर

जागा कुणाच्या नावावर आहे यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून तीन प्रकार वेगळे धरू.

अजून घर घ्यायचं असेल तर करारनाम्यात दोघांची नावं घाला आणि हिस्सा टक्क्यांत लिहा. पण दोघांची नावं आहेत म्हणून मागे राहिलेल्याला सगळं घर आपसूक मिळत नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. अर्ध्या घराचा मालक म्हणून जोडीदाराचा रुसलेला भाऊ पुढे येणं टाळायचं असेल तर दोघांनीही आपापला हिस्सा मृत्युपत्राने एकमेकांना द्यायला हवा.

घर एकाच्याच नावावर असेल तर बक्षीसपत्राचा मोह होतो. थांबा. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीला किंवा मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदाराला दिलं तर खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क. शिवाय "नातेवाईक" नसलेल्या व्यक्तीकडून ५० हजारांहून जास्त किमतीचं काही फुकट मिळालं तर घेणाऱ्याला त्यावर प्राप्तिकर लागतो, आणि जोडीदार आयकर कायद्याच्या दृष्टीने नातेवाईक नाही. याच भेदभावाविरुद्ध एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर मात्र हा करही नाही आणि मुद्रांक शुल्कही नाही. त्यामुळे बहुतेकांसाठी बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्रच बरं. नातेवाईक कोर्टात जाणार अशी खात्रीच असेल, तर पैसे गेले तरी बक्षीसपत्राचा विचार करा, कारण हयातीत नोंदवलेलं दान मोडणं मृत्युपत्राला आव्हान देण्यापेक्षा अवघड असतं. देताना "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहायला विसरू नका. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार अट मोडली तर साठीपुढच्या माणसाला न्यायाधिकरणाकडे जाऊन ते दान रद्द करून घेता येतं. जोडीदार असो वा भाचा, हे कलम दोघांनाही लागू पडतं.

सोसायटीतल्या फ्लॅटचं नामांकन करा, पण त्याचीही मर्यादा ओळखा: २०१९ च्या सुधारणेनंतर नॉमिनी हा मृत्युपत्र किंवा वारस दाखला येईपर्यंतचा तात्पुरता सदस्य. सहयोगी सदस्याच्या व्याख्येत ठरावीक नातेवाईकच येतात, त्यात जोडीदार बसत नाही.

आणि पागडीची जागा. मुंबईत किती तरी जुनी जोडपी अशाच खोल्यांत आयुष्य काढतात. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याने तो सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, आणि तसा कुणी नसेल तर वारसाकडे. इथे वळसा एकच: दोघंही धडधाकट असताना घरमालकाला राजी करून भाडेपावतीवर दुसऱ्याचं नाव चढवून घेणं. तो पैसे मागेल. शक्य असेल तर द्या.

मृत्युपत्र

मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते आधी पाहा. हिंदू पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलं, आई यांच्याकडे जाते, ते नसतील तर वडील, मग भावंडं, असं पुढे पुढे. स्त्रीच्या बाबतीत कलम १५ जास्त धक्का देतं. ती विधवा आणि निपुत्रिक असेल, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता तिच्या आई-वडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तरुणपणी घरच्यांनी लग्न लावून दिलं, नवरा गेला, आणि पुढची तीस वर्षं मैत्रिणीबरोबर संसार केला अशा बाईचा फ्लॅट दिराकडे जाऊ शकतो. जोडीदार कुठल्याच यादीत नाही.

स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू व्यक्ती कुणालाही देऊ शकते, वडिलोपार्जितातला आपला हिस्साही देऊ शकते. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच देता येतं, बाकीसाठी हयातीतल्या दानाचा विचार करावा लागेल.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहायला हवं आणि तुमच्यासमोर सही करायला हवी, बस. पण तुमचं मृत्युपत्र बहुधा भांडणात सापडणार आहे, म्हणून ते भांडणासाठीच बनवा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. सहीच्याच दिवशी डॉक्टरकडून "मानसिकदृष्ट्या सक्षम" असा दाखला घ्या. साक्षीदार तुमच्याहून तरुण असावेत, पुढे त्यांना न्यायालयात बोलावणं येऊ शकतं. जोडीदाराला साक्षीदार करू नका.

आणखी एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते: जोडीदाराला या कामापासून दूर ठेवा. लाभ मिळणाऱ्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर न्यायालय त्याकडे संशयाने बघतं. वकील त्याने शोधला, फी त्याने भरली, सहीच्या वेळी तो शेजारी बसला होता, या सगळ्याचा पुढे "दबाव" म्हणून उपयोग होतो. वकिलाकडे एकटे जा. दोघांचे वकील वेगळे असतील तर उत्तम.

नातेवाइकांना का वगळलं ते दोन ओळींत लिहा. "माझ्या आजारपणात यांनी माझी काळजी घेतली, माझ्या भावांची परिस्थिती चांगली आहे" इतकं पुरतं. नातं उघड करायची सक्ती कुठेच नाही. ज्यांनी आयुष्यभर जगापुढे "मित्र" म्हणूनच सांगितलं त्यांनी कागदावरही तसंच सांगितलं तरी मृत्युपत्राला बाध येत नाही. फक्त सगळ्या कागदांत एकच शब्द ठेवा.

काहींचं लग्न झालेलं असतं आणि ते आजही कायद्याने टिकून असतं. अशा वेळी पीएफ आणि कुटुंब पेन्शनवर पत्नीचा हक्क आहे, तो वळवता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर वळवूही नये. त्या बाईनेही आयुष्य घालवलेलं असतं. तिची सोय नीट करून उरलेल्या मालमत्तेतून जोडीदाराला देणारं मृत्युपत्र न्यायालयातही जास्त टिकतं.

स्टॅम्प पेपरवर "आम्ही पती-पती आहोत" असं प्रतिज्ञापत्र करून देणारे लोक भेटतात. त्याला पैसे घालू नका. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने "कौटुंबिक सहवासाचा करार" नोंदवण्याची कल्पना सरकारपुढे मांडली, मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निवडलेल्या कुटुंबाची संकल्पना मान्य केली. दिशा चांगली आहे, पण म्हणून स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र कुणावर बंधनकारक होत नाही. खर्च कोण किती करेल याचा आपसातला साधा करार मात्र उपयोगी पडतो, पुढे हिशेब दाखवायला.

सरकारी योजना

इथे फार काही नाही, म्हणून झटपट. ज्या योजना व्यक्तीला मिळतात त्या दोघांनी स्वतंत्रपणे घ्याव्यात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात (ही मर्यादा कुटुंबामागे), उत्पन्नाची अट नाही, आधारवर नोंदणी होते. निराधार आणि गरीब असाल तर ६५ नंतर श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये. अट वर्षाला २१ हजारांच्या आतल्या कौटुंबिक उत्पन्नाची. केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावं. मात्र एका शिधापत्रिकेवर येण्याआधी विचार करा: दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं गेलं तर एखादी योजना हातची जाऊ शकते. ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ ही हेल्पलाइन आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाच्या अटीशिवाय मोफत वकील मिळतो. दोन बायकांच्या जोडप्याने याचा जरूर फायदा घ्यावा.

सांभाळ

वृद्धाश्रमांत दोघांची खोली बहुधा नवरा-बायकोसाठीच असते. दोन मैत्रिणी म्हणून दोघी बायकांना एक खोली सहज मिळते, दोन पुरुषांना प्रश्न विचारले जातात. जागा बघायला जाताना तीन गोष्टी विचारा: नात्यात नसलेल्या दोघांना एक खोली देता का, एकाला पुढे अंथरुणाला खिळल्यावर वेगळ्या मजल्यावर हलवता का, आणि भेटीगाठींचा निर्णय कोण घेतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नातेवाईक" असेल तर अनामत भरण्याआधी जोडीदाराचं नाव करारात जबाबदार व्यक्ती म्हणून घालून घ्या. समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या, मुंबईतल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांकडे विचारपूस केली तर समजूतदार डॉक्टर, वकील यांची नावं कळू शकतात.

घरी आया किंवा वॉर्डबॉय ठेवायचा असेल तर ब्युरोशी करार दोघांच्या नावे करा. एक जण दवाखान्यात असताना दुसऱ्याने कामावरून काढलं, पगार दिला, यावर वाद नको. घरात एकच पलंग पाहून कुजबुज करणारी माणसं भेटतात. पहिल्या आठवड्यातच बदला, नंतर सवय होते आणि मग काढवत नाही.

पुतणे-भाचे सांभाळतील का? २००७ च्या कायद्याने निपुत्रिक ज्येष्ठाच्या मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकावर पोटगीची जबाबदारी आहे. तुम्ही सगळं जोडीदाराला दिलंत तर ही जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येणार नाही, हे हिशेबात धरा. एखाद्या भाचीशी जिव्हाळा असेल तर तिला मृत्युपत्रात थोडा वाटा ठेवणं शहाणपणाचं.

शेवटचे विधी

अंत्यसंस्काराची इच्छा मृत्युपत्रात लिहू नका, ते उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. वेगळं पत्र लिहा, दोघांच्या सहीचं, दोन साक्षीदारांसह, आणि एक प्रत शेजाऱ्यांकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं आहे की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर समलिंगी जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. नातेवाईक हजर असतील आणि अडवत असतील तर मात्र या पत्रावर आणि शेजाऱ्यांच्या शब्दावरच भिस्त. देहदान करायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म भरताना साक्षीदार म्हणून असाच माणूस घ्या जो त्या वेळी फोन उचलेल. मृत्यूचा दाखला निबंधकाकडून कोणीही काढू शकतं, नातं लागत नाही. दहा प्रती काढा, बँका आणि विमा कंपन्या प्रत्येकी एक मागतात.

तिसरं माणूस

दोघंही एकाच वेळी म्हातारे होतात, आणि वरच्या प्रत्येक कागदात एकमेकांचीच नावं असतात. ज्याला नेमलं तोच आधी गेला किंवा त्याचीच स्मृती गेली, तर सगळी तटबंदी एका रात्रीत ढासळते. म्हणून प्रत्येक कागदात दुसऱ्या क्रमांकावर पंधरा-वीस वर्षांनी लहान माणसाचं नाव हवं: भाची, जुना विद्यार्थी, शेजारचा मुलगा, संस्थेतला कार्यकर्ता. मृत्युपत्राचा व्यवस्थापकही त्यालाच करा. त्याला आधी विचारा, कागद दाखवा, फाइल कुठे आहे ते सांगा, आणि त्याच्या कष्टांसाठी मृत्युपत्रात काही रक्कम ठेवा.

दर दोन वर्षांनी, किंवा कुणाचा मृत्यू, घर बदलणं, मोठं आजारपण यांपैकी काही झालं की सगळी फाइल उलगडून बसा. नातं तुटलं तर घटस्फोटासारखा कुठलाही आदेश येणार नाही, म्हणून नामांकनं, मुखत्यारपत्र आणि वैद्यकीय कागद एकेक करून स्वतः रद्द करावे लागतील, आणि रद्द केल्याची लेखी सूचना बँकेला, सोसायटीला आणि डॉक्टरला द्यावी लागेल.